माझ्या छातीचा निकाल

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. गेल्या वर्षी चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेत मी पडलो नव्हतो. मी बसलो होतो. देवळाच्या अलीकडे, पाराशी, मला बसावंसं वाटलं आणि मी बसलो, एवढंच. आता बसताना माझ्या खांद्यावर कावड होती, कावडीला गोदावरीच्या पाण्याने भरलेल्या दोन घागरी होत्या आणि बसण्याआधी मी कोणाला तशी पूर्वसूचना दिली नव्हती, हे मला मान्य आहे. पण त्यावरून ‘मुळे गुरुजी चक्कर येऊन पडले’ असा जो बोभाटा झाला तो वस्तुस्थितीला धरून नाही.

मी बसल्याबरोबर कोणीतरी कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला. आणखी कोणाला ती फिट वाटली, म्हणून त्याने चप्पल हुंगवली. ज्या गावाच्या दोन पिढ्यांना मी अपूर्णांक शिकवले त्या गावाने मला चप्पल हुंगवावी, याचं दुःख मी इथे विस्ताराने मांडणार नाही. ती चप्पल कोणाची होती हे मला अजून कळलेलं नाही. आमची ही, म्हणजे नीलांबरी, म्हणते की कळून तरी काय करणार आहात.

आमचं गाव सोनईपासून सायकलच्या अंतरावर आहे. यात्रेला गावची पोरं गोदावरीवर, प्रवरासंगमाला जातात, तिथलं पाणी कावडींनी अनवाणी चालत आणतात आणि सकाळी वेशीशी येऊन थांबतात. तिथून देवळापर्यंत पहिली कावड न्यायचा मान आमच्या मुळ्यांच्या घराचा. आजोबांनी नेली, वडिलांनी नेली, आणि वडिलांनंतर मी नेत आलो. अंतर विचाराल तर फार नाही. मध्ये एक चढ आहे आणि चढ संपता संपता तो पार. पण मान काही अंतराने मोजत नाहीत. गावात आमची जमीन नाही, दुकान नाही, आमच्या घरातलं कोणी कधी निवडणुकीला उभं राहिलं नाही. गावात आमचं जे काही आहे ते वेशीपासून देवळापर्यंत आहे.

तर यंदा फाल्गुनात सभामंडपात यात्रेची बैठक भरली. समितीचा अध्यक्ष बजरंग. माझाच विद्यार्थी. आता त्याचं दूध संकलन केंद्र आहे, कडक इस्त्रीचे शर्ट आहेत, आणि भांडणातसुद्धा तो खाली मान घालून बोलतो म्हणून त्याला अध्यक्ष केला असावा. वर्गणी, तमाशा, कुस्त्यांचा हगामा असे सगळे विषय संपले आणि शेवटी तो सतरंजीकडे बघत म्हणाला, “गुरुजी, मान तुमचाच हाय. त्यात कुनी बोलायचं काम न्हाई. फकस्त यंदा डॉक्टरचा दाखला आना. नगरला पट्ट्यावर चालवून छाती तपासत्यात बगा, त्यो दाखला.”

मी विचारलं, नाही आणला तर? तर यंदापुरती आदिनाथ घेईल, असं त्याने सतरंजीला सांगितलं.

आदिनाथ माझा पुतण्या. पुण्यात नोकरीला असतो, जिमला जातो, त्याच्या दंडावर सदऱ्याची बाही वर चढत नाही. मुलगा सालस आहे, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. पण कावड खांद्यावर घेतात, दंडावर नव्हे. शिवाय ‘यंदापुरती’ या शब्दाचा अर्थ मला पुरेपूर ठाऊक आहे. यंदापुरता म्हणून मला शाळेच्या गॅदरिंगचा हिशेब दिला होता, तो मी निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे होता. मान एकदा पुतण्याकडे गेला की काकाने पुढच्या वर्षीपासून बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “आणतो.”

पहिल्यांदा मी आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी नाडी बघितली, छातीला नळी लावली आणि ‘ठणठणीत’ म्हणाले. मी म्हटलं, हेच लिहून द्या. ते म्हणाले, लिहून द्यायचं तर यंत्र पाहिजे, यंत्र नगरला. नगरच्या दवाखान्यात फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, आधी ईसीजी काढून आणा. तो काढायला गेलो तर ज्या माणसाला तो काढता येतो तो लग्नाला गेला होता. तो आल्यावर कागद संपला होता. या सगळ्यात माझी जी पायपीट झाली तीच कोणी तपासली असती तर दाखला जागेवर मिळाला असता.

शेवटी तारीख मिळाली आणि मी अभ्यासाला लागलो.

इथे माझा स्वभाव सांगायला हवा. आमच्या घरात परीक्षा म्हटली की तयारी करायची, हा शिरस्ता आहे. बिनतयारीचा मुळे आजवर कुठल्या परीक्षेला बसलेला नाही. ‘स्ट्रेस टेस्ट’ ही टेस्टच आहे, आणि टेस्टला अभ्यासक्रम असतो. तो मला शेजारच्या सुहासने पुरवला. सुहास सहकारी बँकेतून निवृत्त झालेला, दोन स्टेंट घातलेला आणि त्यांचा वाजवीपेक्षा जास्त अभिमान असलेला गृहस्थ आहे. त्याने ही परीक्षा तीनदा दिली आहे. त्याने सांगितलं की पट्टा आधी हळू असतो, मग दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. ठोके किती व्हायला हवेत याचं गणित असतं, दोनशे वीसमधून वय वजा करायचं आणि त्याच्या आसपास पोचायचं. वजाबाकी आहे हे ऐकून मला फार धीर आला.

पण आमच्याकडे चढ आणायचा कुठून? सगळा मुलूख ताटासारखा सपाट. देवळाच्या वाटेवरचा चढ गावाच्या डोळ्यांसमोर, तिथे सराव नको; उरला एकच, पाटाच्या पुलाचा. उसाने भरलेले ट्रॅक्टर तो चढताना नेमके एका संथ गतीने जातात, हे माझ्या लक्षात आलं. मी ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीपासून हातभर अंतर ठेवून चालायला लागलो. गती आपोआप बांधली जायची. एक ट्रॅक्टर वर पोचला की मी खाली यायचं आणि पुढच्याच्या मागे लागायचं. शास्त्रीयदृष्ट्या ही पद्धत निर्दोष होती.

चार-पाच दिवसांनी एका ड्रायव्हरने ऐन चढावर ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला आणि माझ्याजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, “गुरुजी, ह्या वयात ट्रालीतनं ऊस उपसायचा म्हंजी अवघड हाय. हात अडाकला तर? मागितला असता तर दिला न्हाई का?” मी त्याला स्ट्रेस टेस्ट समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मोळीभर ऊस उपसून माझ्या हातात दिला. तो उजळ माथ्याने घरी नेणं मला जमलं नाही. टाकून देणंही जमलं नाही, कारण तोवर पुलावर आणखी दोन ट्रॅक्टर थांबले होते आणि त्यांचे ड्रायव्हर माझ्याकडे दयेने बघत होते.

त्यानंतर मी एकटा जायचं बंद केलं. नीलांबरी बरोबर येऊ लागली. मी चढ चढून यायचं, भरावावर तिच्याशेजारी बसायचं आणि तिने माझं मनगट धरून घड्याळाकडे बघत ठोके मोजायचे. यात हसण्यासारखं काय आहे? पण दूध घालायला जाणाऱ्या बायकांनी ते पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की गुरुजी म्हातारपणी बाईंचा हात धरून पाटावर बसतात. नीलांबरीला याचा राग येईल असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून आली.

तयारी उत्तम झाली होती. पाटावर माझं हृदय अत्यंत शिस्तीत चालायचं. पंचाईत एकच होती. दवाखान्याचं नाव काढलं की ते सुटायचं. सुहास रक्तदाबाचं यंत्र घेऊन दारात दिसला तरी माझी छाती भरधाव निघायची. आकडा बघून सुहास गंभीर व्हायचा, त्याचा चेहरा बघून आकडा आणखी वाढायचा. मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की अभ्यास झालेल्याने घाबरायचं नसतं. आता ते मी स्वतःला सांगत होतो, आणि मी काही ऐकत नव्हतो.

आदल्या दिवशी सुहास आला आणि पुडीतून अर्धी गोळी काढून म्हणाला, “शामकांतराव, ही सकाळी घ्या. मी रोज एक घेतो. ठोके कसे गाईसारखे गरीब होतात.” नीलांबरी स्वयंपाकघरातून म्हणाली की दुसऱ्याचं औषध घेऊ नये. सुहास म्हणाला, अर्धीच तर आहे.

सकाळी मी ती घेतली.

बसची पाटी आता अहिल्यानगर म्हणते, बसमधले सगळे नगर म्हणतात, आणि आम्ही उतरलो तेव्हा माझं हृदय खरोखरच गाईसारखं शांत होतं. खिडकीवरच्या मुलीने आधार कार्डावरून वय टिपून घेतलं. मी हरकत घेतली. आमच्या वेळी शाळेत घालताना हेडमास्तर अंदाजाने तारीख टाकायचे, त्यामुळे माझ्या पिढीतलं निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. मी खरा दिवाळीतला, आणि कागदावर आहे त्याहून वर्षाने लहान. दोनशे वीसमधून वय वजा करायचं असेल तर माझा एक ठोका चुकतो आहे, हे मी तिला सोदाहरण पटवलं. तिला ते पटलंही. ती म्हणाली, “काका, काँप्युटर आधारचंच घेतो.”

मग आतल्या खोलीत एका माणसाने मला सदरा काढायला लावला आणि साध्या ब्लेडने माझ्या छातीवर जागोजागी चौकोन भादरले. तारा चिकटायला जागा हवी म्हणे. आरशात बघितलं तर वाफे पाडलेल्या शेतासारखी छाती दिसत होती. पण मी मनात म्हटलं, शामकांत, पेपर सोडवायचा आहे, वर्गखोली बघू नकोस.

डॉक्टर मधुवंती म्हणून एक तरुण बाई होत्या. पट्टा सुरू झाला. मी चाललो. काय चाललो म्हणून सांगू! पहिला टप्पा गेला, दुसरा गेला, चढ वाढला, पायाखालून पाटाचा पूल जात असल्यासारखं वाटलं. कोपऱ्यात बसलेल्या नीलांबरीकडे मी एकदा विजयी नजर टाकली. डॉक्टर पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडत होती. ते मला कौतुक वाटलं. त्यांनी पट्टा आणखी वाढवला, मग आणखी. अखेर पाय बोलायला लागले, पोटऱ्यांनी राजीनामा दिला आणि मी हात वर केला. ठोके मात्र शेवटपर्यंत शिस्तीत होते.

“पास ना?” मी धापा टाकत विचारलं.

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

“नापास?”

“तसंही नाही. तुमचे ठोके जिथवर चढायला हवे होते तिथवर चढलेच नाहीत. म्हणून काही निष्कर्षच काढता येत नाही.” त्या माझ्याकडे वळल्या. “काका, सकाळी कुठली गोळी घेतली होती का?”

मी म्हणालो, “छे.”

हा शब्द कसा निघाला ते मला सांगता येणार नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलांच्या बाहीतून चिठ्ठ्या काढताना मी हाच शब्द हजारदा ऐकला आहे. त्या मुलांच्या चेहऱ्यावर जो बावळट प्रामाणिकपणा असतो, तो त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर पसरलेला मला जाणवत होता.

“घेतली आहे,” कोपऱ्यातून नीलांबरी म्हणाली. “सुहासभाऊजींची. अर्धी.”

डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. दुसऱ्याची गोळी कधी घ्यायची नाही, हे त्यांनी मला पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं. ती गोळी ठोक्यांना लगाम घालते आणि आम्हाला घोडा पळताना बघायचा असतो, म्हणाल्या. अंगातून तिचा अंमल पूर्ण उतरला की पुन्हा या, तोवर अहवाल अपूर्ण. निकाल राखून ठेवला! आमच्या घराण्यात हे कधी झालं नव्हतं. बसमध्ये मी सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावून बसलो. भादरलेली छाती खाजत होती आणि चारचौघांत खाजवता येत नव्हतं.

पुढची तारीख मिळाली ती यात्रेच्या तोंडावर. त्या मधल्या दिवसांत मी पाटावर गेलो नाही. सुहास दोनदा येऊन गेला, नीलांबरीने त्याला ओट्यावरच चहा पाजून परत धाडलं. बजरंग रस्त्यात भेटला. काय झालं, असं त्याने विचारलं नाही, खाली बघून ‘गुरुजी, नमस्कार’ म्हणाला आणि गेला. आदिनाथचा पुण्याहून फोन आला, काका, मी रजा टाकू का? मी म्हटलं, टाक. यात्रा बघायला ये.

त्या रात्री मी नीलांबरीला खरं ते सांगितलं. मला हृदयाचं भय वाटत नाही. त्या चढावर मी बाजूला उभा असेन आणि कावड माझ्यासमोरून जाईल, त्याचं भय वाटतं. तिने अंथरुणावरची चादर झटकून घातली. मग म्हणाली, “तेच भय घेऊन जा की तिथं. गोळी खाऊन ते लपवलंत कशाला?”

दुसऱ्या खेपेला दवाखान्याचा जिना चढतानाच छाती धडधडायला लागली. पट्ट्यावर पाय ठेवला तेव्हा तर कानात ऐकू येत होती. मी डॉक्टरांना कबूल केलं की आज माझी काही तयारी नाही आणि मी घाबरलेलो आहे.

“घाबरू द्या त्याला,” त्या म्हणाल्या. “घाबरल्यावरही ते नीट चालतं का, एवढंच तर मला बघायचंय.”

मला हे कोणी आधी सांगितलंच नव्हतं. इतके दिवस मी जे हृदय मुकाट बसवायला धडपडत होतो, त्याने इथे बोलावं अशीच सगळ्यांची अपेक्षा होती. मग मी त्याला सोडलं. यात्रा आठवली, चप्पल आठवली, आदिनाथचे दंड आठवले. ठोके असे चढले की ती वजाबाकी आधार कार्डाने करा नाहीतर दिवाळीने करा, उत्तर दोन्हीकडून बरोबर यावं. पडद्यावरच्या रेषा उड्या मारत होत्या, पण एकही रेष वाकडी गेली नाही. डॉक्टरांनी पट्टा थांबवला, माझा घाम बघितला आणि म्हणाल्या, “उत्तम आहे.” मग त्यांनी गेल्या वर्षीचं सगळं खोदून खोदून विचारलं. कावड घेण्याआधी मी आदल्या दिवसापासून निर्जळी उपास धरत आलो, हे कळल्यावर त्यांनी नीलांबरीकडे बघितलं. यंदा पोटात पेज आणि मिठाचं ताक गेल्याशिवाय कावडीला हात लावायचा नाही, असं ठरलं. भैरवनाथाची परवानगी नीलांबरीने परस्पर घेतली.

यात्रेच्या सकाळी आम्ही वेशीशी गेलो. रात्रभर चालून आलेली पोरं गुलालाने माखलेली, पाय सुजलेले, हलगी वाजत होती. कावडीच्या टोकांना मोरपिसं बांधलेली होती. मी पेज आणि ताक घेतलेलं होतं, कमरेला स्वच्छ धोतर होतं आणि हातात अहवालाचं पाकीट होतं. समितीची मंडळी समोर उभी होती. मी पाकीट बजरंगच्या हातात दिलं. त्याने ते न उघडताच खिशात घातलं.

“वाच,” मी म्हणालो.

“ऱ्हाऊ द्या की, गुरुजी.”

“बजरंग, निकाल मोठ्याने वाचायचा असतो.”

त्याने पाकीट काढलं, पण उघडलं नाही. तो तसाच खाली बघत बोलायला लागला. “मला कागद नको हुता, गुरुजी. तुमी दवाखान्यात जायला पायजे हुतं. नुसतं जा म्हनलो असतो तर गेला असता का? परीक्षा हाय म्हनल्यावर तुमी बसनार, हे समद्या वर्गाला ठावं हाय.” मग पहिल्यांदाच त्याने मान वर केली. “मागल्या साली पाराशी म्या एका हातात कावड धरली हुती अन् एका हातात तुमी. कावडच जड लागली. तुमी लई हलके लागला, गुरुजी. मला भ्या वाटलं.”

हलगीवाला थांबला होता. मग मीच त्याच्या हातून पाकीट घेतलं, चष्मा लावला आणि अहवाल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मराठीत भाषांतर करून समितीला वाचून दाखवला. ‘उत्तम’ हा शब्द मी दोनदा वाचला. आदिनाथने टाळ्या वाजवल्या.

बजरंगने कावड उचलली आणि स्वतःच्या हाताने माझ्या खांद्यावर ठेवली. मी निघालो. सकाळचं ऊन पाठीवर होतं, घागरी डुचमळत होत्या, छाती धडधडत होती. चढ लागला तेव्हा मला पुढे जमिनीवर माझी सावली दिसली, कावडीसकट. आणि तिच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन हात पसरलेले होते. बजरंग माझ्या मागून चालत होता, पडलोच तर झेलायला. मी त्याला मागे हो म्हणालो नाही. पार आला, पार गेला, देवळाची पायरी आली, ते हात तसेच होते. पायरीवर थांबून मी कावड उतरवली आणि मागे वळलो तेव्हा त्याने हात झटकन पाठीमागे नेले. त्या हातांना मला एकदाही धरावं लागलं नाही, हे मी इथे अभिमानाने नमूद करतो. ते तिथे होते, याचाही अभिमान मला तेवढाच आहे.